रक्ताची पावती

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कायद्याचं ज्ञान फुकट मिळतं. मिरजकर तिकटीवरून कुठल्याही गल्लीत शिरा, कट्ट्यावर टेका, एक चहा पाजा. तासाभरात राज्यघटना, मोटार वाहन कायदा आणि कालचा गोल ऑफसाइड का होता, हे तिन्ही विषय सोदाहरण समजतात. गेल्या वर्षअखेरीला कट्ट्यावर एकच खल चालला होता : नाकाबंदीत गावलो तर रक्त द्यायचं का? एका पैलवानानं मांडीवर थाप मारून निकाल दिला, "वॉरंट दाखवा म्हणायचं. वॉरंटाबिगर सुई टोचता येत न्हाई. मूलभूत हक्क हाय."

हा मूलभूत हक्क त्यानं एका अमेरिकन मालिकेत बघितला होता. खालची अक्षरं वाचून.

आता ह्या भावाला कोण सांगणार की तो हक्क मिसुरी नावाच्या राज्यातल्या माणसाचा आहे, मिरजकर तिकटीवरच्या नव्हे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मॅकनीली खटल्यात सांगितलं, की रक्तातली दारू दर मिनिटाला उतरते एवढ्या एका सबबीवर न्यायाधीशाला दरवेळी वगळता येणार नाही. २०१६ मध्ये बर्चफील्ड खटल्यात पुढची पायरी : अटकेनंतर फुंकर मारून घ्यायला वॉरंट नको, पण सुई खुपसायला हवं. मग २०१९ मध्ये म्हणाले, माणूस बेशुद्धच असेल तर बहुतेक वेळा नको. म्हणजे इतकी प्यायची की वॉरंट मागता यावं, इतकीही नाही की मागता येऊ नये. प्रमाणबद्ध पिणं म्हणतात ते हेच असावं.

आपल्याकडे असली भानगड नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ : शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये किंवा दोन्ही. कलम २०३ : फुंका. कलम २०४ : फुंकर फसली किंवा फुंकायला नकार दिला, तर अटक करून डॉक्टरसमोर रक्त. कलम २०५ : तेही नाकारलं, तर सबळ कारण दाखवा, नाहीतर तो नकारच तुमच्याविरुद्ध धरला जाईल. ह्या सगळ्या कलमांत 'वॉरंट' हा शब्द आहे बरं का. 'वॉरंटशिवाय अटक' ह्या शब्दप्रयोगात.

वर नवी नागरिक सुरक्षा संहिता आहे, १ जुलै २०२४ पासून. तिचं कलम ५१ म्हणतं, पोलिसानं विनंती केली की डॉक्टरनं आरोपीला तपासावं, रक्तासकट, आणि त्यासाठी वाजवी तेवढं बळही वापरावं. जुन्या संहितेत ही विनंती करायला निदान फौजदार लागायचा. नव्यात 'कोणताही पोलीस अधिकारी' पुरतो. दर्जा उतरला, सुई तीच.

आणि इथंच खरी गंमत आहे, वाचकहो, जरा सरसावून बसा. त्याच संहितेचं कलम ३४९ उघडा. सहीचा नमुना, हस्ताक्षर, बोटांचे ठसे, आवाज हवा असेल तर काय करायचं? दंडाधिकाऱ्याचा आदेश आणायचा! माझी वेडीवाकडी सही म्हणजे पवित्र वस्तू. तिच्यासाठी न्यायासनाची पायरी. माझं रक्त म्हणजे किरकोळ माल. त्याला एक विनंती बास. आणखी एक आहे, २०२२ चा ओळख पटवण्याचा कायदा. तो म्हणतो, गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि शिक्षा सात वर्षांच्या आतली असेल, तर जैविक नमुना द्यायची सक्ती नाही. मद्यपी चालकाची शिक्षा किती? सहा महिने. म्हणजे एका कायद्यानं द्या, दुसऱ्यानं नका देऊ, तिसऱ्यानं दाबून घेऊ. तीन सासवांच्या घरात नांदणाऱ्या सुनेलाही यापेक्षा स्पष्ट सूचना मिळत असतील.

विद्वान इथं घसा खाकरतात. "स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, अनुच्छेद २०(३)." बरोबर. पण १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी (कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर अख्ख्या संघानं) ठरवलं की बोटाचा ठसा देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. त्याच तर्कानं रक्तही बोलत नाही, नुसतं वाहतं. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं जाहीर केलं, सगळ्या देशानं पेढे वाटले. दंडाच्या शिरेपर्यंत तो पेढा काही पोचला नाही.

महाराष्ट्राची तर तऱ्हाच न्यारी. १९४९ चा दारूबंदी कायदा इथं अजून जिवंत आहे. त्यामुळे अधिकृतपणे इथं प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा पाच रुपयांत मिळतो, आणि तो कशासाठी? तर आरोग्य राखण्यासाठी. गांधीनगरच्या रस्त्यावर रात्री दीड वाजता सर्पगतीनं स्कूटर हाकणारा इसम कागदोपत्री आरोग्य राखून परतत असतो. त्याच कायद्याखाली १९५९ चे रक्त-तपासणीचे नियम आहेत आणि ते खरोखर प्रेमानं लिहिलेले आहेत. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करा. रक्त घेताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलला हात लावू नका, म्हणजे दंड स्पिरिटनं पुसायचा नाही. बाटलीत हे घाला, तोंड असं बंद करा, सील असं मारा. पासष्टहून जास्त वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाला ठाऊक होतं, की टोचणं सोपं आहे, सांभाळणं अवघड.

माझं भांडण ह्या सांभाळण्याशी आहे. टोचा हो! पिऊन गाडी घालणाऱ्या माणसाचा मला पुळका नाही. त्याच्या दंडापेक्षा समोरून पायी येणाऱ्याचा पाय मला महत्त्वाचा वाटतो. पण साहेब लोक छातीवर हात ठेवून सांगतात, "दंडाधिकाऱ्याकडे जायला वेळ कुठाय? दारू उतरते!" उतरते, खरंच. शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम. मग तो वाचवलेला वेळ जातो कुठं, हे बघू या का?

पुणे, कल्याणीनगर, १९ मे २०२४. पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव पोर्शनं दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. चालवणारा सतरा वर्षांचा, असा आरोप. जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची गोष्ट जगाला पाठ आहे, ती सोडा. रक्त कधी घेतलं? सकाळी अकराच्या सुमारास. वॉरंटचा एक सेकंदसुद्धा खोळंबा नव्हता, तरी साडेआठ तास. हिशेब करा : पहाटे मर्यादेच्या पाचपट असलेला माणूस एवढ्या वेळात कायद्याच्या दृष्टीनं तीर्थ प्यायलेला ठरतो. बरं, घेतलं ते तरी राहिलं का? मूळ नमुना कचऱ्याच्या डब्यात गेला, हे स्वतः पोलीस आयुक्तांनी सांगितलं. आणि त्याच्या जागी आईचं रक्त ठेवलं, असा पोलिसांचाच आरोप आहे. बिंग फुटलं ते दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याच्या डीएनएमुळे. खटला व्हायचा तो होईल. पण आईनं मुलासाठी रक्त आटवलं हा वाक्प्रचार प्रयोगशाळेत इतक्या शब्दशः पोचेल, असं कुणाला वाटलं होतं?

त्याआधीचं वांद्रे घ्या. २८ सप्टेंबर २००२, सलमान खान. अपघात पहाटे, रक्त दुपारी. अहवाल आला ०.०६२ टक्के, मर्यादेच्या दुप्पट. सत्र न्यायालयानं मे २०१५ मध्ये पाच वर्षं सुनावली, उच्च न्यायालयानं डिसेंबरात निर्दोष सोडलं. बचाव पक्षानं साधा किराणा दुकानातला प्रश्न विचारला होता : घेतलं सहा मिलिलिटर, पोचलं चार, दोन कुठं गेले? इतकं माप तर आमचा दूधवालासुद्धा मारत नाही.

कळलं का कुठं येतोय मी? वॉरंट म्हणजे गुन्हेगाराचं चिलखत, असं साहेबांना वाटतं आणि आमच्या पैलवानालाही वाटतं. दोघंही एकाच मालिकेचे प्रेक्षक. मला वॉरंट हवं आहे ते पावती म्हणून. अमक्या माणसाचं रक्त, अमक्या वाजता, अमक्या डॉक्टरनं घ्यावं आणि बाटलीचा क्रमांक मला कळवावा, असं तिसऱ्याच, रात्रपाळीच्या दंडाधिकाऱ्यानं लिहिलं, की मग बाटली बदलायला तीन खात्यांना एकत्र यावं लागतं. ते महाग पडतं. वेळ? अमेरिकेत अनेक राज्यांत फोनवर वॉरंट मिळतं. आणि आपल्या संहितेचं कलम ५३० तर समन्स-वॉरंट इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं काढायला खुशाल मुभा देतं. घराची झडती घेताना चित्रीकरण करा, असं कलम १०५ बजावतं. म्हणजे माझं कपाट उघडताना कॅमेरा, माझी शीर उघडताना मात्र विश्वास.

आमच्याकडे तर भूगोलही हात जोडून उभा आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, भाऊसिंगजी रोडवर. समोर काय? सीपीआर रुग्णालय. एका बाजूला सुई, दुसऱ्या बाजूला न्याय, मधे एक रस्ता. कधी ना कधी एखादी बाटली तो रस्ता ओलांडून पलीकडे जाईल आणि कुणीतरी विचारेल, बाई, तू खरंच त्याचीच का?

हे सगळं मी कट्ट्यावर सांगितलं. पैलवानानं शांतपणे ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

"मग अण्णा, द्यायचं का न्हाई?"

"द्यायचं. नाही म्हणालास तर तेच अंगावर येतंय. फक्त बाटलीवर कुणाचं नाव लिहितात, किती वाजले म्हणून लिहितात, सील तुझ्यासमोर मारतात का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं."

त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "अण्णा, तेवढं दिसत असतं तर त्यांनी रक्त कशाला मागितलं असतं?"