छायाचित्रामागचे नाव

जुने छायाचित्र मुके असते, असे आपण समजतो. परंतु त्याला प्रश्न विचारणारा भेटला, तर ते पुष्कळ काही सांगते. पुस्तकांत आणि वस्तुसंग्रहालयांत गतकाळातील युद्धांची चित्रे आपल्या पाहण्यात येतात. त्यांत कोणी शिपाई खंदकात बसलेला असतो, कोणी बंदूक पुसत असतो, तर कोणी उघड्यावर चूल मांडून सैपाक करीत असतो. आपण क्षणभर पाहतो, ‘हे सैनिक’ एवढे म्हणतो आणि पान उलटतो. एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या चित्राखाली माणसाचे नाव नाही, ते चित्र अपुरे होय. आणि ते पुरे करण्याचे काम काही अंशी तुमच्या-आमच्या हाती आहे.

‘छायाचित्र कधी खोटे बोलत नाही’, असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे आहे. १८५५ साली रॉजर फेंटन नावाचा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धावर गेला होता. त्या काळी छायाचित्र काचेवर उमटवावे लागे. काचेला रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि तो वाळण्यापूर्वीच धुवावयाचे, अशी ती दगदग होती. यासाठी फेंटनने एक घोडागाडीच अंधारखोली म्हणून बरोबर नेली होती. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत, आणि तोवर समोरच्या माणसाला हलता येत नसे. साहजिकच धावणारा, झुंजणारा शिपाई त्याला टिपता आला नाही. साडेतीनशेच्या आसपास चित्रे घेऊन तो मायदेशी परतला. त्यांत तंबू आहेत, तोफा आहेत, ऐटीत उभे राहिलेले अधिकारी आहेत. मात्र रणांगणावर पडलेला एकही शिपाई नाही. त्या युद्धात हजारो इंग्रज शिपाई रोगाने आणि थंडीने दगावले, हे ती चित्रे पाहून कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

पुढे कॅमेरा सुधारला, हातात मावू लागला. परंतु काय दाखवावे आणि काय झाकावे, हे ठरविणारा माणूसच राहिला. १९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांतील पुष्कळांनी आपल्या मुंबईच्या बंदरातूनच बोट धरली. हे सैन्य इंग्रज सरकारचे. शिपाई मात्र शेतकऱ्यांची मुले होती. १९१५ साली एच. डी. गर्डवुड या छायाचित्रकाराने फ्रान्समधील हिंदी पलटणींची चित्रे घेतली. छावणीतील शिपायांचा नित्यक्रम त्यांत दिसतो आणि तो पाहण्याजोगा आहे. परंतु चढाईची जी थरारक दृश्ये त्याने दाखविली, त्यांतील कित्येक त्याने आघाडीच्या मागे, सुरक्षित जागी, मुद्दाम मांडून घेतली होती.

याच सुमारास इंग्लंडातील ब्रायटन शहरी एका राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचे रुग्णालय उघडण्यात आले. प्रचंड झुंबरे, चित्रविचित्र छत आणि त्यांखाली ओळीने मांडलेल्या खाटा, अशी तेथील छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. सरकारने ती मुद्दाम प्रसृत केली. आपल्या मुलांची परमुलखात उत्तम बडदास्त ठेवली जाते, असे हिंदुस्थानातील लोकांना वाटावे, हा त्यामागील हेतू होता. शुश्रूषा चांगली होत असे, यात संशय नाही. परंतु त्याच शिपायांची घरी जाणारी पत्रे अधिकारी उघडून वाचीत, आणि बरे वाटू लागलेल्या शिपायाला शहरात मोकळेपणी हिंडण्याची मुभा नसे. झुंबर चित्रात आले. पत्र वाचणारा अधिकारी चित्रात आला नाही.

तेव्हा कोणतेही युद्धचित्र पाहताना तीन प्रश्न मनाशी विचारावेत. हे कोणी टिपले? कशासाठी टिपले? आणि चौकटीबाहेर काय राहिले? या प्रश्नांनी चित्राची किंमत कमी होत नाही. उलट, आपली नजर अधिक तीक्ष्ण होते.

या तिहींहून मोठा असा एक चौथा प्रश्न आहे: हा माणूस कोण? आज इराक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशात, तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा नावाचे गाव आहे. १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी तेथे इंग्रज सरकारच्या सहाव्या डिव्हिजनला वेढा घातला. या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पुणे डिव्हिजन’ असे होते आणि तीत मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य सरत आले, तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. धर्माला बाध येतो म्हणून कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ शिवले नाही. ते कण्याकोंड्यावर राहिले. अखेरीस २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यांत बहुसंख्य हिंदी होते, आणि त्यांतील हजारो पुढे कैदेत मेले.

या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचे छायाचित्र लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. शरीरावर मांस म्हणून उरलेले नाही. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात. युद्ध म्हणजे काय, हे शंभर पानांच्या वर्णनापेक्षा ते एक चित्र अधिक सांगते. परंतु त्याखाली काय लिहिले आहे? ‘कुतच्या वेढ्यातून वाचलेला हिंदी शिपाई’, एवढेच. तो साताऱ्याचा होता की पंजाबातला, त्याची वाट कोण पाहत होते, तो घरी पोहोचला की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्या ओळीवरून समजत नाही. जगाने त्याच्या बरगड्या पाहिल्या. त्याचे नाव कोणी विचारले नाही.

ही केवळ एका छायाचित्रकाराची हयगय नव्हे. ती त्या काळच्या राज्यकर्त्यांची वृत्तीच होती. इराकच्या मोहिमेत ज्यांना समाधीही लाभली नाही, त्यांच्यासाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. मात्र ३३ हजारांच्या वर हिंदी शिपायांच्या वाट्याला नाव आले नाही. अमुक पलटणीचे इतके मेले, अशी संख्या तेवढी कोरण्यात आली. आपल्याकडील खेड्यांतही ‘या गावातून इतके जण महायुद्धास गेले, पैकी इतके मृत्यू पावले’ अशा संगमरवरी पाट्या तेव्हा बसविण्यात आल्या. त्यांतही आकडा आहे, नाव नाही. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ साली या पक्षभेदाची जाहीर कबुली देऊन क्षमा मागितली. उशिरा का होईना, हे योग्यच झाले. परंतु नव्वदाहून अधिक वर्षांनी मागितलेली क्षमा त्या शिपायाच्या आईच्या कानी कशी पडणार?

नाव टिकले म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल, तर फार दूर जाण्याचे कारण नाही. आपले कळंबोली गाव ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे हे दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर शत्रूच्या मशीनगनचा मारा झाला. हाताखालचे सारे सैनिक मेले अथवा जखमी झाले. तेव्हा ते एकटे धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि शत्रूचे ठाणे निकामी केले. परंतु लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते तेथेच पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची समाधी कोठेही नाही. परंतु इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. माणगावच्या बाजारास जाणारा मुलगा ‘हे कोण?’ असे विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. एका नावात हे सामर्थ्य असते. कुतच्या शिपायाजवळ जाऊन असाच प्रश्न विचारला, तर उत्तर देणारे कोणी नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, हे शिपाई परक्या सरकारसाठी लढले. मग त्यांची एवढी आठवण कशाला? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्या युद्धांत भाग घ्यावयाचा की नाही, हे आपल्या देशाला कोणी विचारले नव्हते. शिपायांपैकी कोणी पराक्रमाच्या ओढीने गेले, कोणी घराण्याची चाल म्हणून गेले आणि कित्येक केवळ पोटासाठी गेले. पाऊस हुकला आणि सावकार दाराशी बसला, म्हणजे पलटणीचा पगार हाच आधार उरे. अशा माणसाची आठवण ठेवणे म्हणजे परक्या राज्याचा गौरव करणे नव्हे. उलट, त्याचे नाव पुसून आकडा लिहिणाऱ्यांनी त्याच्यावर जो अन्याय केला, त्यात आपण भर घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. इंग्रज शिपायाचीही हीच गोष्ट. पुण्याजवळ खडकीच्या युद्धसमाधींतून फिरताना दगडांवरील वये वाचावीत. तीही कोणा आईची कोवळी मुलेच होती. राज्य कोणाचे, हा प्रश्न वेगळा. मरणारा माणूस कोण, हा प्रश्न वेगळा.

मुलांनो, कुतच्या त्या शिपायाचे नाव आता बहुधा आपणांस सापडणार नाही. परंतु जी नावे अजून कोणाच्या तरी स्मरणात आहेत, ती तुम्ही वाचवू शकाल. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा नाना जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे आज कळंबोलीत राहतात. त्यांच्या येथील अथवा गावाकडील घरांत पेटीच्या तळाशी एखादे पिवळे पडलेले छायाचित्र असण्याचा संभव आहे: खाकी गणवेश, पट्ट्यांनी गुंडाळलेल्या पोटऱ्या, एक हात खुर्चीवर आणि मागे छायाचित्रकाराचा रंगविलेला पडदा. युद्धावर निघण्यापूर्वी असे चित्र काढून घरी ठेवण्याची रीत होती. परत येणे होईल न होईल, निदान चेहरा तरी घरी राहावा, ही त्यामागील भावना.

ते चित्र आजी-आजोबांपुढे न्या आणि विचारा: हे कोण? गाव कोणते? पलटण कोणती? कोणत्या साली गेले, कोठे लढले, परत आले काय? मिळालेले उत्तर चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवा. शाईचा डाग पुढच्या बाजूस उमटण्याचे भय असते. हे कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी सांगितले, तेही लिहा. जे ठाऊक नसेल, तेथे जागा मोकळी सोडा. कल्पनेने ती भरू नका. खोटे नाव लिहिण्यापेक्षा कोरी जागा अधिक प्रामाणिक असते. आणि हे काम लांबणीवर टाकू नका. कागद एक वेळ शंभर वर्षे टिकेल. सांगणारे माणूस तितके टिकत नाही.

मोठमोठी स्मारके सरकारे उभारतात, आणि त्यांतही चुका होतात, हे आपण पाहिले. पेन्सिलीने लिहिलेली ती एक ओळ हेही एक स्मारकच होय. त्यासाठी ना संगमरवर लागतो, ना कोणाची परवानगी लागते. आकड्याला माणूस करण्याचे काम तेवढ्या एका ओळीने होते.