नुसती दया पुरत नाही
हजरत अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच ‘मांजरीच्या पिल्लाचे वडील’. ते नाव आपण अदबीने घेतो, पण अनाथ पिल्लू घरी आणलं की त्याला उताणं धरून गाईचं दूध पाजतो. त्या दुधाने जुलाब होतात; उताणं पाजल्यास ते फुफ्फुसात जाऊ शकतं. माझ्या हातून असंच एक पिल्लू गेलं. पुढच्या दोघांना पोटावर ठेवून मांजरपिल्लांसाठीची दूधपावडर पाजली. चार आठवड्यांची झाल्यावर ती निपल चावू लागली. मग त्याच दुधात कालवलेलं मऊ खाणं पसरट बशीत दिलं. आधी पाय बुडाले, मग तोंड. आठव्या आठवड्यापर्यंत बाटली सुटली. मुलं पिल्लू उचलून आणतात तेव्हा रागावू नका, एवढं शिकवा.