कंट्रोल कळीची दुहेरी चाकरी

कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की लेखनाच्या प्रोग्राममध्ये निवडलेल्या मजकुराची प्रत घेतली जाते, आणि त्याच कळा टर्मिनलच्या खिडकीत दाबल्या की चालू असलेला प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. त्रुटीसंदेशाची प्रत घेण्याच्या नादात सर्व्हरवरचे चालू काम बंद पडणे हा प्रकार या क्षेत्रातील बहुतेकांच्या परिचयाचा आहे, आणि त्याचे खापर सहसा वापरणाऱ्याच्या वेंधळेपणावर फोडले जाते. ते रास्त नाही. हा गोंधळ सी, व्ही, एक्स या अक्षरांच्या निवडीतून आलेला नाही. त्या अक्षरांबरोबर कोणती मॉडिफायर कळ, म्हणजे दुसऱ्या कळीचा अर्थ बदलणारी सोबतीची कळ, जोडायची या प्रश्नाची वेगवेगळ्या कंपन्यांनी जी वेगवेगळी उत्तरे दिली त्यांतून तो उद्भवला आहे, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ती उत्तरे नीट समजून घेतली तर त्यातील बराचसा टाळता येण्याजोगा आहे.

कंट्रोल कळ मुळात संपादनासाठी नव्हतीच. अस्की या संकेतप्रणालीतील पहिली 32 स्थाने अक्षरांसाठी नसून यंत्राला द्यायच्या सूचनांसाठी राखलेली आहेत, आणि त्या सूचना टंकता याव्यात म्हणून कंट्रोल कळीची योजना झाली. ती दाबली असता सोबतच्या अक्षराच्या क्रमांकातून 64 वजा होतात; कॅपिटल सीचा क्रमांक 67 असल्याने कंट्रोल-सीमुळे 3 हा संकेत निघतो, ज्याचा अर्थ 'मजकूर समाप्त' असा ठरला. डेक कंपनीच्या टॉप्स-10सारख्या कार्यप्रणालींनी हा संकेत चालू काम थांबवण्यासाठी वापरला आणि पुढे युनिक्सच्या टर्मिनलांतही तीच प्रथा रुळली. कंट्रोल-झेड तेथे काम स्थगित करते, तर कंट्रोल-व्ही पुढची कळ जशीच्या तशी, तिचा विशेष अर्थ बाजूला ठेवून, स्वीकारण्यास सांगते. त्यामुळे नवख्या माणसाने टर्मिनलमध्ये पेस्ट करण्यासाठी कंट्रोल-व्ही दाबली, काहीच उमटले नाही म्हणून वरच्या बाणाची कळ दाबून पाहिली, तर मागची आज्ञा परत येण्याऐवजी टोपीचे चिन्ह, दोन चौकटी कंस आणि ए असा ऐवज पडद्यावर येतो. यंत्राने सांगितले ते अगदी इमानाने केलेले असते.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1974-75च्या सुमारास 'जिप्सी' हा संपादक तयार केला आणि त्यात कट, कॉपी, पेस्ट या क्रियांना आज ओळखीचे असलेले रूप मिळाले. टेस्लर यांचा आग्रह असा, की एकाच कळीचा अर्थ प्रोग्रामच्या तत्कालीन 'अवस्थे'वर, म्हणजे मोडवर, अवलंबून नसावा. आपल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी 'नो मोड्स' हीच घोषणा लावली होती. 1980 साली ते ॲपलमध्ये गेले. 1983च्या लिसा संगणकावर कळफलकाच्या खालच्या ओळीतील शेजारशेजारच्या झेड, एक्स, सी, व्ही या कळांना ॲपलचे चिन्ह असलेल्या एका वेगळ्या कळीची जोड देण्यात आली, आणि 1984च्या मॅकिंटॉशवर तिची कमांड कळ झाली. मूळ मॅकिंटॉशच्या कळफलकावर कंट्रोल कळ नव्हतीच, म्हणून ही निवड त्या काळी दूरदृष्टीची म्हणण्यापेक्षा सोयीची होती असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. तिचे फळ मात्र पुढे मिळाले. ॲपलची कार्यप्रणाली युनिक्सच्या पायावर उभी राहिली तेव्हा कमांड कळ पडद्यावरील खिडक्यांशी आणि कंट्रोल कळ टर्मिनलशी बोलणारी, अशी विभागणी आयतीच तयार होती. मॅकच्या टर्मिनलमध्ये कमांड-सीने प्रत घेता येते, कंट्रोल-सीने काम थांबवता येते, आणि दोहोंची गाठ कधी पडत नाही. शिवाय मोकळ्या राहिलेल्या कंट्रोल कळीमुळे मॅकवरील साध्या मजकूर-चौकटींतही ईमॅक्सप्रमाणे ओळीच्या आरंभी किंवा शेवटी जाता येते. बीओएस या कार्यप्रणालीने आणि तिच्या वळणावर बांधलेल्या हायकूनेही आज्ञांचे काम मुळात आल्ट कळीकडे सोपवून हाच मार्ग धरला.

आयबीएमचे उत्तर निराळे होते. 1987 साली आखलेल्या 'कॉमन यूजर ॲक्सेस' या नियमावलीत कटसाठी शिफ्ट-डिलीट, कॉपीसाठी कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टसाठी शिफ्ट-इन्सर्ट ठरवण्यात आले आणि सुरुवातीच्या विंडोजने ते स्वीकारले. यातील एकही जोडी अस्कीच्या नियंत्रण-संकेतांना धक्का लावत नाही, आणि तांत्रिक निकषावर ही रचना नंतरच्या रचनेपेक्षा सरस होती. पण ती कळफलकाच्या उजव्या टोकाला असल्याने माउसवरचा हात उचलावा लागे. विंडोज 3.1 आली त्या 1992च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मॅकची अक्षरे घेतली, परंतु आयबीएमशी सुसंगत कळफलकावर कमांड कळ नसल्याने ती अक्षरे कंट्रोल कळीच्या गळ्यात बांधली. विंडोजची स्वतःची कळ कळफलकावर आली ती त्यानंतर, आणि तोवर बोटांना वळण लागून गेले होते. जुन्या जोड्या विंडोजच्या बहुतेक प्रोग्राममध्ये आजही चालतात, मात्र अनेक लॅपटॉपवर इन्सर्ट कळ एफएन कळीच्या आड गेल्याने त्या वापरातून नाहीशा होत चालल्या आहेत.

लिनक्सच्या वाट्याला दोन्ही वारसे एकदम आले. तेथील ग्राफिक खिडक्यांनी विंडोजची कंट्रोल-सी घेतली, टर्मिनलने युनिक्सची, आणि तडजोड म्हणून ग्नोम टर्मिनल, कॉन्सोल यांसारख्या टर्मिनल-खिडक्यांनी शिफ्टची भर घालून कंट्रोल-शिफ्ट-सी स्वीकारली. ही सवय लागलेला माणूस ब्राउझरमध्ये तीच कळ दाबतो तेव्हा प्रत निघत नाही, तर वेबपानाची चिरफाड करून दाखवणारी विकासकांची चौकट उघडते. त्यात एक्स विंडो प्रणालीच्या दोन स्वतंत्र 'निवडी' आहेत: माउसने मजकूर नुसता रंगवला की तो 'प्रायमरी' निवडीत जातो आणि माउसच्या मधल्या कळीने उतरतो, तर कॉपीच्या आज्ञेने घेतलेला मजकूर 'क्लिपबोर्ड' निवडीत जातो. दोन्हींत मजकूर साठवलेला नसतो. तो कोणत्या प्रोग्रामकडे मागायचा एवढीच नोंद असते, म्हणून प्रत घेऊन मूळ प्रोग्राम बंद केला आणि मध्ये क्लिपबोर्ड सांभाळणारा दुसरा कोणी नसला, तर पेस्ट करताना हाती काहीच लागत नाही.

विंडोज टर्मिनलने काढलेला तोडगा चतुर आहे: मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी प्रत घेते, नसेल तर प्रोग्राम थांबवते. पण ही नेमकी टेस्लर यांना नको असलेली अवस्था होय. पडद्यावर दूर वर कोठेतरी निवडलेल्या चार अक्षरांवर त्या कळीचा अर्थ ठरतो आणि काम तातडीने थांबवायचे असते तेव्हा पहिला दाब प्रत घेण्यातच खर्ची पडतो. तरीही, तीस वर्षांची सवय मोडण्यापेक्षा हा मार्ग बरा, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल.

देवनागरी कळफलक वापरणाऱ्यांची अडचण या चर्चांत क्वचितच येते. इन्स्क्रिप्ट मांडणीत सीच्या कळीवर 'म' आणि व्हीच्या कळीवर 'न' आहे. विंडोज प्रत्येक कळीला अक्षराव्यतिरिक्त एक आभासी क्रमांक देते, त्यामुळे तेथे शॉर्टकट सहसा बिघडत नाहीत; परंतु वेबपानात कळ दाबल्याची घटना पकडून तिच्या अक्षराची 'सी'शी तुलना करणारा कोड लिहिला असेल, तर त्याच्या हाती 'म' पडू शकतो आणि मराठीत टंकणाऱ्यासाठी ती सोय मुकी होते. कळीचे भौतिक स्थान तपासावे तर ड्वोरॅक मांडणी वापरणाऱ्यांवर अन्याय होतो, कारण तेथे सी दुसऱ्याच ठिकाणी आहे. व्हिममध्ये तर इन्स्क्रिप्ट चालू असताना सामान्य अवस्थेत ओळीची प्रत घेण्याची वायवाय ही आज्ञाच पोहोचत नाही. त्यासाठी लँगमॅप किंवा कीमॅप हे पर्याय वापरावे लागतात.

म्हणूनच व्यावसायिकांनी कळांचा पाठलाग सोडून क्रियेकडे पाहावे. ब्राउझर कॉपी आणि पेस्ट या नावांच्या स्वतंत्र घटना कळवतो. त्या ऐकणाऱ्या कोडला कंट्रोल-सी, कमांड-सी, कंट्रोल-इन्सर्ट, उजव्या क्लिकचा मेनू किंवा मोबाइलवरचा दीर्घ स्पर्श यांत फरक करावा लागत नाही. डेस्कटॉप प्रोग्रामसाठी क्यूटीसारख्या साधनसंचात 'कॉपी' ही प्रमाण क्रिया मागता येते आणि त्या त्या कार्यप्रणालीच्या रूढ कळा तिला आपोआप जोडल्या जातात. याच संदर्भात पेस्ट अडवण्याच्या खोडीचाही विचार व्हावा. खाते क्रमांक किंवा पासवर्डच्या चौकटीत पेस्ट बंद करणारी संकेतस्थळे भारतात ठायी ठायी भेटतात, आणि सुरक्षिततेचे कारण त्यासाठी पुढे केले जाते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017च्या मार्गदर्शिकेत पासवर्डसाठी पेस्टची मुभा असावी असेच सुचवले आहे, कारण त्यामुळे पासवर्ड सांभाळणारे प्रोग्राम वापरता येतात आणि लांब, अवघड पासवर्ड परवडतात.

कट, कॉपी, पेस्ट यांना स्वतंत्र कळा देणे अशक्य होते असेही नाही. सन कंपनीच्या कळफलकांवर डाव्या बाजूला त्या होत्या, आणि यूएसबी कळफलकांच्या मानक कोष्टकात 123, 124 आणि 125 हे क्रमांक अनुक्रमे याच तीन क्रियांसाठी आजही राखून ठेवलेले आहेत. 2024मध्ये विंडोज लॅपटॉपवर कोपायलटच्या नव्या कळीसाठी जागा निघाली. या तिघींना ती कधी मिळाली नाही. हौशी मंडळी प्रोग्राम करता येणाऱ्या कळफलकांवरून हे क्रमांक पाठवतात, पण सर्व प्रोग्राम त्यांची दखल घेतातच असे नाही. आपल्या प्रोग्राममध्ये ते ओळखले जातात की नाही, हे तपासायला फारसा वेळ लागत नाही.