पराभवाचा जमाखर्च

लास्लो क्रास्नाहोर्काई यांस 2025 चे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यापासून आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींच्या हाती त्यांच्या कादंबऱ्या दिसू लागल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी पहिल्या प्रकरणातच खूण घालून पुस्तक मिटून ठेवले असावे, असा माझा कयास आहे. पृष्ठामागून पृष्ठ पूर्णविरामावाचून चालणाऱ्या त्या वाक्यांस बोल लावण्याचे कारण नाही. निदान लांब वाक्यांविरुद्ध फिर्याद करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास तरी पोचत नाही. चूक होते ती प्रवेशद्वार निवडण्यात. चिखल, अखंड पाऊस, मोडकळीस आलेली वस्ती आणि कोणी तरी तारणहार येईल म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसे, हे 'सातानटँगो'तील जग ज्या इतिहासाच्या तळाशी साचले आहे, तो इतिहास ठाऊक नसलेल्या वाचकास त्यात केवळ विषण्णता दिसते.

हंगेरीचा विषय निघाला की आपल्या लेखांतून तीन नावे हटकून येतात: आपल्या जातीचे मूळस्थान शोधावयास निघून लडाखात तिबेटी भाषेत रमलेला आणि 1842 साली दार्जिलिंग येथे निवर्तलेला चोमा द कोरोस, कल्हणाच्या 'राजतरंगिणी'ची संस्कृत संहिता सिद्ध करून 1892 साली मुंबईत छापविणारा ऑरेल स्टाइन, आणि बुडापेस्टमध्ये जन्मलेली अमृता शेरगिल. हा ऋणानुबंध सन्मान्य खराच. परंतु ही सारी हंगेरीहून इकडे आलेल्या माणसांची ओळख होय. जे तेथेच राहिले, हरले, पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले, त्यांची ओळख व्हावयाची तर त्यांचे ग्रंथच उघडले पाहिजेत.

1526 च्या एप्रिल महिन्यात बाबराने पानिपतावर इब्राहिम लोदीचा निःपात केला, आणि त्याच वर्षी 29 ऑगस्ट रोजी सुलतान सुलेमानाने मोहाचच्या मैदानावर हंगेरीच्या सैन्याची धूळधाण उडविली. वीस वर्षांचा राजा लायोश पळता पळता ओढ्यात बुडाला, आणि पुढे त्या मुलुखाचे तीन तुकडे पडून एक हाब्सबुर्गांकडे, एक तुर्कांकडे आणि ट्रान्सिल्व्हेनियाचा एक मांडलिक संस्थान म्हणून वेगळा झाला. त्यानंतर 1849, 1920, 1956: त्या देशाची महत्त्वाची सालें ही बहुतांशी पराजयाची सालें आहेत. किरकोळ नुकसान झाले असता मोहाचला याहून अधिक गेले, असे म्हणून हंगेरियन मनुष्य आजही आपले समाधान करून घेतो. 1761 ची जखम पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या मराठी माणसास ही वृत्ती समजावून सांगावयास नको. परंतु पराभव जपणे निराळे आणि त्याचा जमाखर्च तपासणे निराळे. माझे म्हणणे एवढेच की, हंगेरियन वाङ्मयात या दोन्ही परंपरा आहेत आणि वाचकाने त्या याच क्रमाने वाचाव्यात.

पहिलीचा उत्तम नमुना म्हणजे गेझा गार्दोन्यी यांची 'एगेरचे तारे' ही 1901 मध्ये ग्रंथरूपाने आलेली कादंबरी, जी तेथील प्रत्येक शाळकरी मुलास वाचावी लागते आणि जिला 2005 साली तेथील वाचकांनी आपली सर्वांत आवडती कादंबरी म्हणून कौल दिला. 1552 साली इश्त्वान दोबो या किल्लेदाराने सुमारे दोन हजार माणसांनिशी प्रचंड तुर्की फौजेविरुद्ध एगेरचा गड महिन्याहून अधिक काळ लढविला आणि अखेर शत्रूस वेढा उठविणे भाग पाडले, ही तिची कथा. तटावरून उकळते तेल ओतणाऱ्या स्त्रिया, सुरुंग, फितुरीचे संशय, सर्व काही त्यात आहे, आणि हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकास ती प्रथमपासूनच परकी वाटणार नाही. मात्र पुस्तक मिटताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी, ती ही की, 1596 साली हाच गड तुर्कांच्या स्वाधीन झाला आणि जवळजवळ शंभर वर्षे त्यांच्याकडे राहिला. कादंबरी त्याआधीच थांबते. कोठे थांबावे हे राष्ट्राच्या कथाकारास चांगले कळते.

दुसऱ्या परंपरेत मला सर्वाधिक मोलाचे वाटतात ते काउंट मिक्लोश बान्फी. 1920 च्या जून महिन्यात त्रिआनोंच्या तहाने हंगेरीचा दोनतृतीयांश मुलूख गेला आणि तीस लाखांहून अधिक हंगेरियन सरहद्दीपलीकडे पडले, त्यानंतर वर्षभरातच हे गृहस्थ परराष्ट्रमंत्री झाले. पुढे ते रोमानियाच्या अमलाखाली गेलेल्या आपल्या ट्रान्सिल्व्हेनियात परतले आणि 1934 ते 1940 या काळात त्यांनी तीन खंडांची कादंबरी लिहिली. तिचा पहिला खंड इंग्रजीत 'दे वेअर काउंटेड' या नावाने मिळतो. ज्याचे वतन गेले, ज्याचा प्रांत गेला, त्याने रडगाणे गावे किंवा शत्रूस शिव्या द्याव्यात, अशी आपली अपेक्षा. आणि बान्फी काय करतात, तर 1904 ते 1914 या दहा वर्षांतील स्वतःच्याच सरदारवर्गास जबानीसाठी उभे करतात. मेजवान्या, नृत्यसमारंभ, घोडे, जुगार, मानापमानाची द्वंद्वे, सैन्यात हुकूम कोणत्या भाषेत द्यावे यासारख्या वादांवरून बंद पाडलेले पार्लमेंटचे कामकाज, आणि या सर्वांच्या पाठीमागे डोंगरातील रोमानियन शेतकऱ्यांस नागविणारा सावकार व त्याला सामील असलेला स्थानिक अंमलदार. नायक अबाडी सहकारी पेढ्या काढून हे थोपवू पाहतो, त्याला यश येत नाही, आणि त्याचे बरोबरीचे लोक त्याला हसतात. देश गमावला तो शत्रूने हिरावण्याच्या कितीतरी आधी, हे एखाद्या इतिहासकाराने सांगितले असते तर त्याला देशद्रोही ठरविले असते. कादंबरीकाराने प्रेमाने, अगदी त्या मेजवान्यांच्या सौंदर्यावर लुब्ध होऊन सांगितले. प्रेमप्रकरण थोडे लांबले आहे, हे मान्य.

हाच हिशेब पेतेर एस्तेरहाझींनी स्वतःच्या घरापर्यंत आणला. 1951 मध्ये राजधानीतून खेड्यात हद्दपार झालेल्या आपल्या उमराव घराण्याची आणि पित्याची भव्य कथा त्यांनी 'हार्मोनिया सेलेस्टिस'मध्ये 2000 साली प्रसिद्ध केली. परंतु हस्तलिखित पुरे झाल्यावर गुप्त पोलिसांच्या दफ्तरातून त्यांच्या हाती जे कागद पडले, त्यांवरून तोच पिता अनेक वर्षे खबऱ्या होता असे दिसून आले, आणि मग पुत्राने 2002 मध्ये 'सुधारित आवृत्ती' या नावाचे दुसरे पुस्तक काढून ते अहवाल वाचकांपुढे ठेवले. इम्रे केर्तेस यांची 1975 ची 'फेटलेस' ही कादंबरी याच रांगेतील. 1944 मध्ये काही आठवड्यांत चार लाखांहून अधिक ज्यू नागरिकांस आगगाड्यांत भरून देणारे हात देशातील अंमलदारांचेही होते, हे ज्या राष्ट्रास स्वतःला केवळ बळी म्हणवून घ्यावयाचे असते त्यास पचणे कठीण.

या साऱ्याचे तत्त्व मात्र एका निबंधात सापडते. इश्त्वान बिबो यांनी 1946 साली पूर्व युरोपातील लहान राष्ट्रांच्या दुर्दशेविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की, आपले अस्तित्वच धोक्यात आहे या भयाने ग्रासलेला समाज स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्यासच राष्ट्राचा घातक समजू लागतो आणि त्याचे राजकारण खोटेपणाने किडते. हे केवळ पांडित्य नव्हते: 4 नोव्हेंबर 1956 रोजी उठाव चिरडण्यासाठी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा मंत्री बिबो पार्लमेंटच्या इमारतीत राहून निषेधाचा मसुदा टंकलिखित करीत होते, आणि त्यापायी त्यांना जन्मठेप होऊन 1963 मध्ये सुटका मिळाली. आपल्या प्रकाशकांस हंगेरियनमधून काही आणावयाचे असेल तर बान्फींचे तीन खंड कागदाच्या आजच्या भावात छापण्याचा आग्रह मी धरणार नाही. बिबोंचा हा निबंध लहान आहे, त्यास विस्तृत प्रस्तावना व टिपा जोडाव्यात, आणि तो मराठीत प्रथम यावा.