मोटारीचें निदानपंचक

चंद्रपूरच्या एका वाचकांनीं या सदराकडे जो प्रश्न पाठविला आहे, तो पुष्कळ एकत्र कुटुंबांत निराळ्या रूपानें उपस्थित होतो. म्हणून त्याचा विचार येथें थोडा विस्तारानें करणें आम्हांस योग्य वाटतें. त्यांच्या घरीं वडिलांनीं घेतलेली १९९६ सालची मर्सिडीज 'ई २२०' मोटार आहे. टेल्कोच्या भागीदारीनें १९९४ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें १९९५ पासून पुण्यास ज्या गाड्या बांधण्यास आरंभ केला, त्यांपैकींच ही एक. गेल्या वैशाखांत घरची मंडळी आलापल्लीस लग्नाला निघाली असतां आष्टीच्या पुढें गाडीचें पाणी उकळलें, आणि वृद्ध मातोश्रींना भर दुपारीं दोन तास रस्त्याकडेच्या झाडाखालीं बसून काढावे लागले. त्यानंतर एका मिस्त्रीनें थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्यानें पाण्याचा पंप बदलला; आतां तिसरा रेडिएटर बदला म्हणतो. गाडी तापते ती तापतेच. थोरले बंधु वडिलांची वस्तु म्हणून ती सोडावयास तयार नाहींत, धाकटे भंगारांत घाला म्हणतात, आणि या वादांत दोघांचें बोलणें तुटण्याची वेळ आली आहे.

आमच्या मतें या गाडीचा दोष अद्याप कोणीं शोधलेलाच नाहीं. केवळ सुटे भाग बदलले गेले आहेत. औषध आधीं आणि निदान मागून, हा क्रम वैद्यकांत जितका घातक तितकाच यंत्रांतहि. आपल्या वैद्यकशास्त्रानें रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. माधवनिदानाच्या आरंभींच हा विषय येतो. त्याच क्रमानें ही मोटार तपासूं.

प्रथम कारण. देश आणि काल यांचा विचार केल्यावांचून वैद्य नाडीला हात लावीत नाहीं. चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जाणें हें नवलाचें नाहीं. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांमुळें हवेंत धूळ व राख. आलापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. आणि जंगलांतून वाऱ्यावर येणारा पालापाचोळा व सांवरीचा कापूस. या गाडींत रेडिएटरच्या पुढें वातानुकूलन यंत्राची जाळी, म्हणजे कंडेन्सर, असते. दोहोंमधील अरुंद फटींत हा सर्व केर वर्षानुवर्षें बसतो. समोरून पाहणाराला जाळी स्वच्छ दिसते आणि आंत मात्र गोधडी तयार झालेली असते. विहिरीचें किंवा बोअरचें जड पाणी रेडिएटरमध्यें घातल्यास क्षारांचा थर बसतो तो निराळाच.

दुसरें पूर्वरूप. रोग प्रगट होण्यापूर्वीं तो चाहूल देतो. ८० च्या आसपास राहणारा तापमानाचा कांटा हळूहळू १०० च्या पुढें रेंगाळूं लागणें, टांकींतील पाणी दर आठवड्यास थोडेंथोडें उतरणें, रबरी नळीच्या सांध्यावर वाळलेला पांढरा किंवा हिरवट डाग दिसणें, बोनटजवळ गोडसर वास येणें, हीं सर्व पूर्वरूपें होत.

तिसरें रूप, आणि येथेंच सर्व मर्म आहे. गाडी तापते एवढें सांगून भागत नाहीं; ती केव्हां तापते हें सांगितलें पाहिजे. उभी असतां किंवा गर्दींत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष वाऱ्याचा : पंखा, त्याचा क्लच, किंवा तुंबलेली जाळी. उलट उभी असतां शांत आणि वेग वाढवितांच तापते, तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा : आंतून चोंदलेला रेडिएटर किंवा अशक्त पंप. सुरू केल्यावर थोड्याच वेळांत कांटा चढतो आणि वरची मोठी नळी मात्र थंडच राहते, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेंत अडकला आहे. बाहेर गळती नसतां पाणी कमी होतें आणि धुराड्यांतून पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगत असूं कीं, धूर दिसला तर अग्नि आहेच. पण अग्नि दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असें नाहीं, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत तो नसतो. पंप बिघडला तर गाडी तापेल हें खरें. म्हणून गाडी तापली कीं पंपच बिघडला, हें अनुमान तितकेंच लंगडें. मिस्त्रींनीं केलें तें हेंच.

चौथें उपशय, म्हणजे उपचार करून त्यावरून रोग ताडणें. वातानुकूलन बंद केल्यावर कांटा उतरतो काय? हीटर पूर्ण उघडल्यावर उतरतो काय? उभ्या गाडींत कांटा १०५ च्या पुढें गेला तरी समोरचा विजेचा पंखा जोरानें फिरत नसेल, तर आधीं फ्यूज, रिले व तापमानाचा सेन्सर तपासावे. टांकीचें झांकण तर अवश्य तपासावें. तें आंत १.४ बारचा दाब धरून ठेवतें. त्या दाबाखालीं साधें पाणीहि सुमारें १२६ अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकणाची स्प्रिंग ढिली झाली कीं तेंच पाणी कितीतरी आधीं उकळूं लागतें. हातपंपानें थंड गाडींत तितकाच दाब देऊन पाहावें. बाहेर थेंबहि न गळतां दाब उतरला, तर गळती इंजिनाच्या आंत आहे. आणि नियम एकच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन औषधें एकदम दिलीं, तर गुण कोणाचा हें धन्वंतरीसहि सांगतां येणार नाहीं.

पांचवें संप्राप्ति, म्हणजे रोग कसा वाढत जातो तें. पंखा थांबला, पाणी तापलें, दाब वाढून तें बाहेर गेलें, उरलेलें आणखी तापलें. मग या इंजिनाचें अल्युमिनियमचें हेड वांकतें, गॅस्केट जळतें, आणि थोडक्यांत मिटणारा विकार इंजिन उघडण्यापर्यंत जातो. म्हणून कांटा १२० कडे जाऊं लागला कीं 'पुढच्या गांवापर्यंत जाऊं' हा मोह सोडून सावलींत थांबावें आणि इंजिन बंद करावें. झांकण तासभर तरी उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर उडून माणसें भाजतात. तापलेल्या इंजिनांत थंड पाणीहि ओतूं नये. आष्टीच्या पलीकडे पुष्कळ ठिकाणीं फोन लागत नाहीं. तेव्हां पहांटे निघावें आणि पांच लिटर पाणी, कूलंट, पट्टा, नळीचे क्लॅम्प व विजेरी जवळ ठेवावी.

आतां आमच्या वाचकांच्या पत्राकडे वळूं. मोकळ्या रस्त्यानें नागपुरास जातांना गाडी तापत नाहीं, बल्लारपूरकडे फाटकापाशीं उभी राहिली कीं तापते, आणि आलापल्लीच्या वाटेवर ती ट्रकांच्या मागें मुंगीच्या गतीनें चालली होती, असें त्यांनींच लिहिलें आहे. हें रूप वाऱ्याच्या दोषाचें आहे. थर्मोस्टॅट आणि पंप बहुधा निरपराध होते. नवा रेडिएटर घेण्यापूर्वीं कंडेन्सर सोडवून दोहोंमधील केर इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस, पाण्याच्या सौम्य धारेनें धुवावा. मग पंखे आणि झांकण पाहावें. इतकें करूनहि कांटा उतरला नाहीं तरच पुढचा खर्च.

राहिला बंधूंचा वाद. पंधरा वर्षें उलटल्यावर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. जुन्या गाडीचा खर्च धाकटे बंधु दाखवितात तो कांहीं खोटा नाहीं. परंतु चारांची गाडी ती कोणाचीच नव्हे, हाहि तिच्या दुर्दशेचा एक हेतु आहे. घरांतील एकानें दर रविवारीं सकाळीं, इंजिन थंड असतां, पाण्याची पातळी पाहून वहींत लिहावी. प्रवासांत कांटा कोठें, केव्हां आणि किती चढला तेंहि टिपावें. सहा महिन्यांची अशी वही समोर ठेवून गाडी विकण्याचें ठरलें, तर ती खुशाल विकावी. तो विचारानें घेतलेला निर्णय होईल. तोंवर दोघां बंधूंनीं मिळून एकदां ती जाळी धुवून घ्यावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.