नाळेतील रक्त आणि आशेचा व्यापार

प्रसूतीनंतर वारेबरोबर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतील रक्ताचे मोल १९८८ साली पॅरिसमध्ये कळले. एलियान ग्लुकमन यांनी नवजात बहिणीच्या या रक्ताने एका मुलाचा जीवघेणा रक्तविकार बरा केला. याच रक्तात रक्तवाहिन्यांचे अस्तर घडविणाऱ्या पेशीही असतात. रक्तपुरवठा तुटलेल्या उंदरांच्या पायांत त्यांनी नव्या सूक्ष्म वाहिन्या उभारल्या. परंतु उंदराचा पाय म्हणजे मधुमेही माणसाचा पाय नव्हे. माणसात हा उपचार अद्याप प्रयोगावस्थेतच आहे. तरीही खासगी पेढ्या ‘जैविक विम्या’च्या नावाखाली रक्त साठविण्याचे हजारो रुपये घेतात, आणि बेताच्या पगाराचा बापही नकार देण्यास कचरतो. मुलाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी अशा साठवणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्येच बजावले आहे. प्रत्येक जाहिरातीत हे वाक्य ठळक छापण्याची सक्ती सरकारने का करू नये?