संकटांचे आभार कशाला?

सत्कार समारंभात एक वाक्य हमखास ऐकू येतं. सत्कारमूर्तीचं बालपण खडतर गेलेलं असलं की वक्त्याला चेव येतो. तो माईक जवळ ओढतो आणि म्हणतो, त्या दिवशी घरच्यांनी यांना घराबाहेर काढलं नसतं तर आज हे आपल्याला लाभले नसते. टाळ्या पडतात. सत्कारमूर्तीही मान डोलावतात, कारण आता नाही म्हणणं बरं दिसत नाही. अशा रीतीने माणसाला घराबाहेर काढणारे पुण्यवान ठरतात, आणि त्या रात्री त्याला ज्यांनी जेवू घातलं त्यांचं नाव आभारप्रदर्शनातही येत नाही.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. पण आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. तो असा : घरातली फाटाफूट, अकाली मृत्यू, हुकलेली परीक्षा, सुटलेली नोकरी यांतून माणूस तावून सुलाखून निघतो, उबेत वाढलेला उबेतच राहतो, आणि याला दाखले पाहिजेत तर जोतिराव फुले, पंडिता रमाबाई, धोंडो केशव कर्वे, बाबासाहेब आंबेडकर. यादी खोटी नाही. या सगळ्यांना घरच्यांनी, समाजाने किंवा दैवाने एकदा तरी जोराचा तडाखा दिलेला आहे. म्हणूनच एकेक नाव घेऊन बघू.

कर्व्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. 1875 साली सतरा वर्षांचा धोंडू परीक्षेसाठी मुरुडहून निघाला. भर पाऊस, मध्ये सह्याद्री, आणि सुमारे 110 मैलांची पायपीट करून सातारा. तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी, हा वयाने लहान दिसतो एवढ्या कारणावरून त्याला बसूच दिलं नाही. आला तसा परत गेला. ही गोष्ट सांगून झाली की वक्ता लगेच हिंगण्याला, कर्व्यांच्या विधवाश्रमापाशी, पोचतो, जणू साताऱ्याच्या त्या नकारातूनच पुढे महिला विद्यापीठ उगवलं.

मधलं काय? मधलं असं की पुढच्या वर्षी कर्वे कोल्हापूरला गेले आणि तीच परीक्षा पास झाले. म्हणजे साताऱ्याच्या नकाराने केलं एवढंच, की एक वर्ष खाल्लं आणि एका पोराचे पाय सुजवले. मॅट्रिक व्हायला त्यांना 1881 साल उजाडलं, तेव्हा ते तेविशीत होते. 1884 साली एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. या उशिराचं कुणी कौतुक करू नये. त्या काळच्या कोकणातून अशी किती मुलं निघाली, पहिल्याच नकाराला परतली आणि भाताच्या खाचरात उतरली, त्यांचं आत्मचरित्र कुणी लिहिलेलं नाही. कर्व्यांनी लिहिलं. आपण लिहिलेलं तेवढं वाचतो आणि सिद्धांत मांडून मोकळे होतो.

कर्व्यांच्या आयुष्याला खरं वळण लागलं ते 1891 साली, आणि त्यातही दैवाचा वाटा आहेच. तो नाकारण्यात मतलब नाही. त्या वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेल्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत त्याआधी मोठी फूट पडली होती, टिळक बाहेर पडले होते, आणि फर्ग्युसनला गणित शिकवणारा माणूस हवा होता. गोखल्यांनी कर्व्यांना बोलावलं. दुसऱ्यांच्या भांडणातून यांना वाट मिळाली, असं म्हणता येईल. पण ती वाट पदवीशिवाय आणि ओळखीशिवाय मिळाली नसती. फूट पडली की जागा रिकामी होते. त्या जागी कुणाला बोलावायचं हे भांडण ठरवत नाही, एखादा गोखले ठरवतो.

आता कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नीकडे बघा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी साक्ष त्यांची आहे, आणि व्यासपीठांवर त्यांचंच नाव सर्वांत कमी घेतलं जातं. गोदूबाई जोशी देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढची वर्षं सासरच्या राबण्यात गेली. संकटानेच माणूस घडत असता तर एकोणिसाव्या शतकातल्या प्रत्येक ब्राह्मणवाड्यातून एक गोदूबाई बाहेर पडायला हवी होती, कारण हे संकट घराघरात होतं. लाल आलवणातल्या त्या बायका सोशिकपणात कुणालाही हार गेल्या नसत्या. पण त्या स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीतच म्हाताऱ्या झाल्या.

गोदूबाईंच्या वाट्याला वेगळं काय आलं? दोन गोष्टी. त्यांचा भाऊ नरहरपंत हा कर्व्यांचा मित्र, त्याने बहिणीला मुंबईला आणलं. आणि 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. भाऊ नसता तर सदनाचा काही उपयोग नव्हता, आणि सदन नसतं तर भाऊ तरी काय करणार होता? मुंबईतही तिला चुलीपुढेच बसवावं लागलं असतं.

रमाबाईंचंही तेच. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तो पती गेला, कडेवर मुलगी. ही दुःखं सांगताना आपला आवाज दाटतो आणि मग आपण म्हणतो, या अग्निदिव्यातून विदुषी निर्माण झाली. साफ चूक. विदुषी आधीच निर्माण झाली होती. वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष पत्करला, आणि मग मुलीलाही शिकवलं. दुष्काळाने रमाबाईंना दिलं काहीच नाही. वडिलांनी आधी दिलेलं मात्र त्याला नेता आलं नाही. पुढे शारदा सदन उभं राहिलं त्यामागे अमेरिकेत जमवलेली वर्गणी होती. दुःखावर संस्था चालत नाही. भाडं द्यावं लागतं.

1893 साली कर्वे आणि गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडने बहिष्कार घातला. यालाही कुणी इष्टापत्ती म्हणेल. मग कर्व्यांच्या आईने काय भोगलं असेल, तेही त्याच हिशेबात मांडा.

फुल्यांच्या बाबतीत तर आपण दोन चुका करतो. पहिली, ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीतला अपमान. तो झाला म्हणून शाळा निघाली, असं सांगतात. त्या पुण्यात असे अपमान रोज होत होते. 1848 साली मुलींची शाळा मात्र एकाच जोडप्याने काढली. अपमानाने कारण दिलं असेल, बळ आलं कुठून? त्यासाठी मागे जावं लागतं. शाळकरी जोतीला वडील गोविंदरावांनी एकदा शाळेतून काढलं होतं. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांना समजावलं, आणि 1841 साली मुलगा पुन्हा मिशनच्या शाळेत गेला. एक फारसीचा मुन्शी, एक ख्रिस्ती गृहस्थ, दोघांचाही त्या माळ्याच्या पोराशी रक्ताचा संबंध नव्हता. या दोघांनी त्या संध्याकाळी दुसऱ्याच्या घरात कशाला बोलायचं, असा शहाणपणा केला असता तर? वरातीतल्या अपमानाचा जेवढा गवगवा होतो त्याच्या दशांश तरी या रदबदलीचा व्हायला हवा होता.

दुसरी चूक घर सोडण्याची. 1849 साली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला बाहेर काढलं, म्हणून ते मोठे झाले? ते काम आधीच करत होते; ते सोडत नव्हते म्हणून तर बाहेर काढलं. इथे कार्य आणि कारण आपण चक्क उलटं लावतो. सावित्रीबाईंना तर माहेरूनही ऐकून घ्यावं लागलं. 1856 साली नायगावहून त्यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात भावाशी झालेला वाद आहे. महारामांगांसाठी काम करता म्हणून भाऊ बोल लावतो आणि आजारातून उठलेली बहीण त्याला उत्तर देते. या वादामुळे सावित्रीबाई घडल्या असं म्हणणाऱ्याने ते पत्र वाचलेलं नाही. घडलेली बाईच त्यात बोलते आहे.

आंबेडकरांचा 1917 चा परतीचा प्रवास तर योगायोगाच्या फटक्यांचा कळस आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावं लागलं. पुस्तकं ज्या जहाजावर चढवली ते महायुद्धात बुडालं. बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर राहायला जागा मिळेना, आणि पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. यातून आंबेडकर घडले, हे म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय झालं? लंडन विद्यापीठाने परत येऊन अभ्यास पुरा करायला मुदत दिलेली होती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भाथेना या मित्राने कर्ज दिलं. बडोद्यात ज्यांनी बाहेर काढलं तेही पारशी आणि कर्ज देणाराही पारशी, ही गोष्ट जातीधर्मावर सरसकट शेरे मारणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवावी. 1920 साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले.

पूर्वपक्षाकडे एक बिनतोड दाखला आहे, तो मीच पुढे करतो. भाऊराव पाटलांना कोल्हापूरच्या जैन वसतिगृहातून काढून टाकलं होतं, आणि त्याच माणसाने पुढे महाराष्ट्रभर वसतिगृहं काढली. इथे घाव आणि काम यांचा धागा उघड दिसतो. मला तो मान्य आहे. घावामुळे माणसाला कुठे वळायचं ते कळू शकतं. पण वसतिगृहातल्या मुलांना रोज दोन वेळा जेवायला लागतं, आणि ते धान्य घावातून येत नाही. ते गावोगाव मुठीमुठीने मागून आणावं लागलं, आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रासकट. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा इतिहास 1919 पासून सांगताना अपमानाची गोष्ट आधी येते आणि मंगळसूत्राची नंतर. क्रम बदलून बघा, गोष्ट वेगळीच होते.

आणि ज्यांना असा हात मिळाला नाही त्यांचं काय? कर्व्यांच्याच घरात पाहा. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव लहानपणीच आईला पारखे झाले, वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक झाले, हट्टात तर वडिलांच्या चार पावलं पुढे. संततिनियमनाच्या कामापायी नोकरी गेली. 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ एकहाती चालवलं. खटले झाले, दंड झाले. एका खटल्यात तर वकील म्हणून खुद्द आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. जिद्द कमी नव्हती, बुद्धी कमी नव्हती, फटकेही वडिलांपेक्षा कमी नव्हते. फक्त त्यांच्यामागे कुणी हिंगणं उभं केलं नाही. फटक्यानेच माणूस मोठा होत असता तर पुण्याच्या एखाद्या हमरस्त्याला रघुनाथरावांचंही नाव दिसलं असतं.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. मग आजचं घेऊ. गावात भावाभावांचं बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, नाहीतर बहिणीच्या हक्कसोडीवरून फाटतं. येणंजाणं बंद होतं, लग्नपत्रिका बंद होतात. मोठी माणसं आपल्या रागात सुखी असतात. मग धाकट्या घरातल्या मुलीची बारावी होते, तिला राखीव जागेवर इंजिनिअरिंगला नाहीतर मेडिकलला जायचं असतं, आणि जात पडताळणीचं काम निघतं. ज्यांनी ही फाइल केली आहे त्यांना ठाऊक आहे. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आजोबांच्या शाळेतला निर्गम उतारा, कोतवाल बुकातली नक्कल, आणि सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाची तरी व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. चुलत्याच्या मुलाकडे ती असते. लॅमिनेट करून कपाटात ठेवलेली असते. मुलीचा बाप दारात जातो आणि आतून निरोप येतो, साहेब घरी नाहीत.

प्रवेशाची मुदत काही भावकीचा समेट होईपर्यंत थांबत नाही. फेरी संपते. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी.ला नाव घालते. पुढे ती जिद्दीने काही करेलही, आणि तसं झालं तर वीस वर्षांनी एखादा वक्ता म्हणेल, काकांनी त्या दिवशी झेरॉक्स दिली नाही म्हणूनच...

घरं तुटूच नयेत, असं मी म्हणत नाही. फुल्यांचं घर तुटलं ते बरंच झालं असंही म्हणणार नाही आणि त्यांनी समेट करायला हवा होता असं तर मुळीच नाही. शाळा बंद करून केलेला समेट काय कामाचा? काही भांडणं करावीच लागतात. आणि काही फटके कुणाच्याच हातात नसतात, जहाज बुडायचं तेव्हा बुडतं. आपल्या हातात एवढंच असतं की घर सुटलेल्या मुलाला दुसरं एखादं घर सापडावं : मित्राची खोली, वेळेवर लागणारी वसतिगृहाची यादी, वेळेवर जमा होणारी शिष्यवृत्ती. समाजकल्याणच्या वसतिगृहाची यादी कॉलेज सुरू होऊन महिने लोटल्यावर लागते तेव्हा ते कुणाच्या चारित्र्याची कसोटी घेत नसतं. ते फक्त उशीर करत असतं, आणि त्या उशिरात काही मुलं गावी परत जातात.

तेव्हा वाचकहो, तुमचं भावाशी पटत नसेल तर नका बोलू. तुमचं दुखणं तुम्हाला ठाऊक. लग्नालाही नका जाऊ. पण पुतणी व्हॅलिडिटीची झेरॉक्स मागायला आली, तर फाइल काढा आणि द्या.